सुट्टीच्या दिवसाचं कुलूप

नियमाचं आधी सांगते. त्याच्याशिवाय हा माणूस कळणार नाही.

आमच्या कंपनीचा नियम असा: कायम व्हायचं असेल तर भोंगा ऐकू येईल इतक्या जवळ राहायचं. म्हणजे रोह्यात, नाहीतर पुलापलीकडे अष्टमीत. कारण काय, तर केमिकलचा कारखाना, कधी काही झालं तर माणूस हाताशी हवा. ऐकायला बरं वाटतं. पण मी पॅकिंगला आहे. गळती झाली तर मी धावत जाऊन काय करणार, तिच्यावर लेबल चिकटवणार? खरी गोष्ट अशी, की पुढच्या शिफ्टचं कुणी आलं नाही की फोन फिरवायचा आणि माणूस लगेच गेटवर हजर हवा. सुट्टी असो, जेवत असो, आजारी असो. आणि जवळ राहा म्हणणारी कंपनी घरभाडं देत नाही. हे मी पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं, इथंही लिहिते. लाज वाटायचीच असेल तर ती त्यांना वाटू दे.

या नियमामुळे अष्टमीत खोल्या भरल्या. आमच्या घरमालक चाचांच्याही भरल्या. अंगणाच्या एका बाजूला त्यांचं कौलारू घर आणि समोर आखातातल्या कमाईतून बांधलेली खोल्यांची रांग, पत्र्याची, पुढे पडवी. सगळे भाडेकरू आमच्याच कंपनीचे. दुसऱ्या कुणी घरमालकानं कंपनीच्या नावानं नारळ फोडला असता. चाचा सकाळी पडवीत दात घासता घासता कंपनीच्या दिशेला तोंड करून चूळ टाकायचे. रोज. त्यात खंड नाही.

ते गेले त्याला आता वर्ष उलटून गेलं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर भाबडं लिहून चालणार नाही. स्वतः ते माझ्या डोक्यात बसून वाचतील आणि म्हणतील, "ह्यो कोन मेला गो, असा चांगला?"

चांगले ते नव्हतेच तसे. चिडके होते. पाण्याची मोटर कधी चालू करायची हे फक्त त्यांना ठाऊक, आणि अंगाला साबण लावलेला असताना ती बंद करण्यात त्यांचा हातखंडा. लुंगी, बनियन आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट, या वेशात ते माडाखाली फिरायचे. नारळ डोक्यात पडून शेजारचा एकजण गेला होता म्हणे. झाडाला नारळ असो नसो, हेल्मेट असायचंच.

जेवणाचं त्यांचं आणखी विचित्र. ताट वाढलेलं असलं तरी ते हात लावायचे नाहीत. समोर बसून राहायचे. मग चाची आतून यायची, पितळीवर चमचा ठण ठण वाजवायची, की हे जेवायला सुरुवात करायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसले. चाची म्हणाली, "हस गो, हस. मीबी हसले व्हते पयलं. मग एक दिस वाजवलं नाय, तर मानूस दुपार टळली तरी ताटाम्होरं तसाच बसला." तिकडे आखातात मेसची घंटा झाल्याशिवाय जेवायचं नाही अशी सवय लागलेली. कंपनी सुटली, देश सुटला, घंटा काही सुटली नाही.

मी खोली मागायला गेले तेव्हा त्यांनी ना माझं नाव विचारलं, ना जात, ना डिपॉझिट. हेल्मेट मागे सारून एकच प्रश्न.

"तुज्या घरी दुपारचं कोन कोन जेवाय बसतं?"

मी सांगितलं. घर वडखळच्या पुढे, डोलवीच्या खाडीकडच्या अंगाला. बाबा मिठागरात. आई पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला, गुरुवारी घरी असते. मिठागरं एकेक करून बंद पडतायत, त्यामुळे माझी नोकरी टिकायलाच हवी. म्हणून खोली हवी.

"गुरवारी आई घरी आसते?"

"हो."

"मंग खोली दिली. पन गुरवारी नाय दिली."

हे काय ते मला पुढच्या गुरुवारी कळलं. गुरुवार आमच्या कंपनीच्या सुट्टीचा दिवस. सकाळी मी पांघरुणात गुरफटून पडलेली. आठवडाभर उभं राहून पाय सुजलेले. तेवढ्यात दारावर थापा आणि 'चला, चला'साठी आखातातून आणलेली हाक. "यल्ला, यल्ला! उठा! आपापल्या घरी!" पडवीच्या टोकापासून चाचा दार दार वाजवत येत होते, खांद्यावर किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येकाला बाहेर काढायचं, दार ओढायचं, आणि आमच्या कुलपावर स्वतःचं एक जाडजूड कुलूप चढवायचं. संध्याकाळी दिवे लागले की उघडणार.

मी भांडले. भाडं देते, खोली माझी आहे, कायद्यानं तुम्हाला असं करता येत नाही. कायद्याचं मी मोठ्यानं बोलते, कारण खोलात गेलं तर मलाही फारसं येत नाही.

"बरोबर हाय तुजं," चाचा म्हणाले आणि कुलूप लावलं. "नागोठण्याची गाडी लागली आसंल. पळ."

पळाले. काय करणार? घरी पोचले तर आई वाडग्यात मासळीचं कालवण घेऊन बसलेली, आणि बाबा मला बघून नुसते म्हणाले, "आलीस?" आणि सरकून जागा करून दिली. नोकरी लागली तेव्हा मी रोह्यात एकीच्या खोलीत राहायचे, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी घरी गेले नव्हते. दमलेय, फोन येईल, पुढच्या वेळी, असं चाललं होतं. त्या दिवसानंतर माझा एकही गुरुवार चुकला नाही.

परत येताना दारात झडती असायची. "घरून काय आनलंस?" काहीतरी दाखवावं लागायचं. वांगी, सुकट, तांदळाच्या भाकऱ्या, काहीही. खातं कोण ते महत्त्वाचं नाही, घरचं हवं. एकदा रांगेतला एक ऑपरेटर दिवसभर रोह्यातच मित्राकडे लोळून संध्याकाळी केळी घेऊन आला. चाचांनी केळं हातात घेऊन फिरवलं. "ही एश्टी स्टँडवरली. तितल्या हातगाडीवरच आसा काळा डाग पडतो." ऑपरेटर म्हणाला, "चाचा, केळ्यावर डाग सगळीकडेच पडतो." चाचा म्हणाले, "मंग शपथ घे बायकोची." त्यानं शपथ घेतली नाही. आठवडाभर त्याला मोटरच्या पाण्यासाठी हाका माराव्या लागल्या.

आणि परभणीचा एकजण होता, त्याला एका दिवसात घरी जाऊन येणं शक्य नव्हतं. त्याच्या खोलीलाही कुलूप लागायचं. मग चाचा त्याला स्वतःच्या घरात नेऊन बसवायचे. चाची त्याला नारळ खवायला द्यायची, घालूनपाडून बोलायची, पोट फुटेस्तोवर खायला घालायची. तो मला म्हणायचा, "ताई, माझी खरी आई एवढं काम सांगत नाही." पण गुरुवारी सकाळी दाढी करून तयार तोच सगळ्यात आधी.

माझ्या पत्रकांशी मात्र चाचांचं जमलं नाही. नियमाविरुद्ध मी सह्या गोळा करत होते. पहिलं पत्रक दिलं तर त्यांनी ते हातभर लांब धरलं. "कोनाचं लगीन?" मग अख्खं मोठ्यानं वाचलं, अंगणात, कोंबड्यांना ऐकू जाईल असं. 'शोषण' शब्दाला थांबले. "ह्यो एकच शबूद किती येळा लिवलास? मालकाला आयकू नाय येत म्हनून?" सह्या तर रांगेतल्या कुणीच केल्या नाहीत. सगळ्यांचं म्हणणं एकच: आपल्याला काय कमी आहे? फोन आला तर सांगता येतं, खोलीला चाचाचं कुलूप आहे, मी गावी आलोय. हे खरं होतं, आणि याच गोष्टीचा मला राग यायचा. एक म्हातारा सगळ्यांचं भांडण एकट्यानं भांडत होता, आणि बाकीचे त्याच्या कुलपामागे आरामात.

कंपनीला पत्रक झोंबलं असावं. एका गुरुवारी अष्टमीत त्यांची माणसं तपासणीला आली. रांगेतल्या सगळ्या खोल्यांना कुलपं. शनिवारी नोटीस मिळाली ती मला एकटीला. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, प्रत्यक्षात पेण तालुक्यातून ये-जा करता, कंपनीची फसवणूक केल्याबद्दल कामावरून का काढू नये, चौकशीला हजर राहा.

मी नोटीस घेऊन तडक चाचांकडे गेले. खूप बोलले. तुमच्या हट्टापायी माझी नोकरी चालली, बाबांना आता मी काय सांगू, त्यांचं मिठागर पुढच्या हंगामात चालेल की नाही माहीत नाही आणि तुम्हाला कुलपाचा खेळ सुचतोय. मग म्हटलं, आता एकच करा. चौकशीच्या दिवशी लिहून द्या की मी त्या गुरुवारी खोलीतच होते.

चाचांनी नोटीस वाचली. या वेळी मोठ्यानं नाही.

"तू व्हतीस खोलीत?"

"नव्हते. पण..."

"मंग कसं सांगू?"

आणि उठून मोटर बंद करायला गेले. मी तिथंच अंगणात रडले. रागानं. चाचीनं पाणी आणून दिलं आणि त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "ह्याला आल्लानं जीभ दिली ती काय नुसती लोनचं चाटायला?"

चौकशी दुपारी होती, टाइम ऑफिसच्या मागच्या खोलीत. टेबलापलीकडे साहेब, नोटिशीवर सही त्याचीच. मूळचा नगरकडचा, वयानं फार नाही, नेहमी इस्त्रीत. माझं म्हणणं मी मांडलं: रांगेतल्या सगळ्या खोल्यांना कुलूप होतं, नोटीस मला एकटीलाच का? साहेब म्हणाला, "सुरुवात कुठूनतरी करावी लागते." अगदी शांतपणे म्हणाला. तो शांतपणा मी अजून विसरलेले नाही.

तेवढ्यात गेटवरून फोन. कुणीतरी म्हातारा आलाय, ऐकत नाही, पण हेल्मेट घालून आलाय, आत सोडू का?

चाचा आले ते आखातातला जुना निळा बॉयलर सूट घालून. कडक इस्त्री, छातीवरच्या कंपनीच्या नावाचं कापड उसवून काढलेलं, तिथं दोऱ्याची भोकं. डोक्यावर पिवळं हेल्मेट. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"आपण कोण?" साहेबानं विचारलं.

"कुलूपवाला."

"ही तुमच्याकडे राहते?"

"हाय की. रोज भांडते माज्याशी. ऱ्हात नाय तर भांडल कशी?"

"गुरुवारी आमची माणसं आली तेव्हा खोलीला कुलूप होतं."

"मीच लावलं."

"म्हणजे ती आत नव्हती."

"आत आसती तर कोंडून मेली आसती साहेब. खुनाचा गुन्हा माज्यावर."

खोलीतला कारकून हसला आणि लगेच खोकला. साहेब हसला नाही. म्हणाला, "चाचा, सुट्टीच्या दिवशीही माणूस इथं असला पाहिजे असा आमचा नियम आहे."

"माजाबी नियम हाय. सुट्टीच्या दिशी मानूस हितं नसला पायजे."

"तुमचा नियम कशासाठी?"

चाचांनी हेल्मेट काढून काखेत धरलं. मी त्यांना इतकं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"मी आखातात कंपनीच्या कुंपनात ऱ्हायलो. अर्धी जिंदगी. खोलीतून निगालं की काम, कामातून निगालं की खोली. शुक्रवारी सुट्टी. तर सुट्टीच्या दिशी आमी काय करायचो, ठावं हाय? ड्रेस घालून बसायचो. ह्योच. कंपनीचा. दुसरं कापड घालून जायाचं कुठं? कवाबी बोलवतील, तर तयार बरं. मंग घरी आलो. बायकोनं म्होरं ताट ठेवलं. तिच्या हातचं. आन मी घंटेची वाट बगत बसलो. आजबी बसतो. मानूस परत येतो साहेब, पन त्याचं समदं येत नाय. ही पोर लई बोलते, डोकं खाते. पन गुरवारी आपल्या आईजवळ जेवते. तेवडं तरी शिल्लक ऱ्हाऊ द्या."

मग साहेब म्हणाला, आणि आवाज पहिल्याइतका शांत नव्हता, "चाचा, तुमचं समजलं. राहते हे मी मान्य करतो, नोटीस मागे घेतो. पण गुरुवारी पुन्हा कुलूप दिसलं तर मला हिला काढावं लागेल. मी नाही काढलं तर दुसरं कुणीतरी काढेल."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हणत होते, जोरजोरात. नको, वाकू नका. त्यांनी खिशातून जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"ह्या गुरवारपासून कुलूप नाय. जबान."

गेटबाहेर आल्यावर मी त्यांना सोडलं नाही. "चाचा, तुम्ही वाकलात! त्यांच्यासमोर!"

"वाकलो," चाचा म्हणाले. "आन आता कंबर धरली. रिक्षा बग."

रिक्षात मी तोंड फिरवून बसले. कुंडलिकेच्या पुलावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझी नोकरी वाचली आहे. हातात घामानं भिजलेली नोटीस होती, आणि शेजारी बॉयलर सुटात एक म्हातारा, ज्यानं आपल्या आयुष्यात स्वतः केलेला एकमेव नियम माझ्यासाठी टेबलावर ठेवून दिला होता. आभार मानायचे असतात हे मला कळतं. मी फक्त रिक्षावाल्याला सांगितलं, खड्डे बघून चालव.

बुधवारी संध्याकाळी मी रांगेतल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं. पत्रक नव्हतं. सरळ सांगितलं: उद्यापासून कुलूप नाही. फोन आला तर सांगायला काही नाही. आता जायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि फोन घ्यायचा की नाही तेही. केळीवाला ऑपरेटर म्हणाला, "सगळे गेले तर मी जातो." दुसरा म्हणाला, "सगळे गेले तर मीही." असं म्हणता म्हणता सगळेच झाले. परभणीवाला म्हणाला, "ताई, मी कुठं जाऊ? चाचाकडे बसलो तर हाताशीच आहे की." म्हटलं, तू माझ्या घरी चल. आमच्या गावात पुढे बरेच दिवस दुसरा विषय नव्हता, पण ते सोडा. बाबांनी त्याला मिठागर दाखवलं आणि आईनं त्याच्याकडून नारळ खववून घेतला. त्याला वाटलं, कोकणात पाहुण्याला असंच करतात.

चाचा त्या बैठकीत पडवीच्या टोकाला पाठ करून बसले होते. सकाळी आम्ही निघालो तेव्हा मात्र प्रत्येक दार स्वतः उघडून आकड्याला अडकवत होते. सताड. जबान दिली होती ना.

त्या दिवशीचं पुढचं मी बघितलं नाही. चाचीनं सांगितलं. चाचांनी स्वतःहून कधीच सांगितलं नसतं.

दुपारी कंपनीची जीप आली. फोन केले तर कुणीच उचलत नाही म्हणून साहेब स्वतः आला होता. अंगणात उभा राहून बघतो तर रांगेतली सगळी दारं उघडी आणि आत कुणी नाही. नीट घडी केलेली पांघरुणं. दोरीवर कपडे. चाचा पडवीत सुपारी कातरत बसलेले.

"कुठं गेले सगळे?"

"घरी."

"तुम्ही शब्द दिला होता."

"कुलपाचा. बगा की, हाय कुठं कुलूप?"

साहेब प्रत्येक दारात डोकावून आला. चाची म्हणाली, "मला वाटलं आता वरडल. पन तो आला आन पायरीवर बसला. बूट काढलं." खिशात फोन वाजत होता, तो बघत नव्हता. चाचीनं चहा दिला. चाचांनी विचारलं, "साहेब, तुमाला सुट्टी कवा?"

"आजच."

"मंग हितं काय करताय?"

साहेब म्हणाला, गेटमागच्या क्वार्टरमध्ये राहतो, बायको-मुलगी नगरला, मुलीची शाळा तिकडे. त्याला तर भोंग्याच्याही आत राहावं लागतं. चाचांनी सुपारी कातरायची थांबवली.

"घरी दुपारचं कोन कोन जेवाय बसतं?"

साहेबानं सांगितलं. कोण कुठल्या बाजूला बसतं, तेसुद्धा.

मला त्या साहेबाची कणव येत नाही, हे स्पष्ट लिहिते. ज्या हातानं त्यानं माझ्या नोटिशीवर सही केली तो हात मला माहीत आहे. नियम अजूनही कागदावर आहे, बाकीचे सहा दिवस आम्ही अजून भोंग्याच्या पल्ल्यातच राहतो, आणि माझी पत्रकं चालू आहेत. आता त्यांवर रांगेतल्या सगळ्यांच्या सह्या आहेत, केळीवाल्याची सगळ्यात वर. पण गुरुवारी त्यानंतर अष्टमीत तपासणीला कुणी आलं नाही, हेही तितकंच खरं. माझे आईबापाजवळ जेवलेले जेवढे गुरुवार आहेत ते मला कंपनीनं दिले नाहीत, कायद्यानं दिले नाहीत. ते मला एका तिरसट म्हाताऱ्यानं दिले, आणि मी त्याला तोंडानं कधी 'बरं केलंत' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी मोटर बंद केली असती.

चाची म्हणाली, चहा संपला तरी साहेब उठेना. तेव्हा चाचा उठले. त्यांनी साहेबाचे बूट पायरीवरून उचलून त्याच्यासमोर ठेवले आणि हात उडवला, आम्हाला उडवायचे तसाच.

"यल्ला! उठा! मी सांगितलं म्हना."

साहेबानं बूट घातले. ड्रायव्हरला म्हणाला, तू जा. जीप गेली. मग वाजणारा फोन त्यानं बंद करून खिशात टाकला, चाचीला पुण्याकडच्या गाडीची वेळ विचारली, आणि पुलावरून स्टँडकडे चालायला लागला.